मौनाची खोली

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, असं मी म्हणणार नाही. ठेवाच. ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या माझ्या सख्ख्या वहिनी आहेत, आणि थापा मारायला त्यांना वेळ नसतो.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना काळोख लागतो. इथे काळोख नाही. लख्ख दुपार होती, गुरुवारची. थंडीचे दिवस. उंच खिडक्यांमधून ऊन आत येऊन फरशीवर लांबलचक पसरलं होतं.

जागा म्हणजे एका फार जुन्या धार्मिक संस्थेचं प्रार्थनागृह. संस्थेचं नाव सांगत नाही. प्रकरण अजून कोर्टात आहे, आणि वहिनींनी तशी अटच घातली आहे.

आमच्या दादाचा साउंडचा धंदा. पाठीच्या दुखण्यानं त्याला खुर्चीत बसवलं, तेव्हापासून सगळा व्याप वहिनीच सांभाळतात. धंद्यात त्यांना ‘साउंडवाल्या वहिनी’ म्हणूनच ओळखतात. कान असा तयार, की माझी मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी आली की आतूनच सांगतात, भाऊजी, चेन सैल झालीय.

अशा बाईला भास झाला असेल, हे मला कुणी सांगू नये.

तर त्या प्रार्थनागृहाची नुकतीच डागडुजी झाली होती. रविवारी सकाळी मोठा सोहळा होता. मुख्य धर्मगुरू बोलणार होते, दूरदूरचे भक्त येणार होते. साउंडचं काम वहिनींना मिळालं.

टेम्पो फाटकातून आत घेताना त्यांना बाहेर काही म्हाताऱ्या बायका दिसल्या. घरून आणलेल्या स्टुलांवर ओळीनं बसलेल्या. घोषणा नाहीत, काही नाही. नुसत्या बसलेल्या.

“त्यांचं मनावर घेऊ नका ताई,” संस्थेचा व्यवस्थापक म्हणाला. पस्तिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं.

“कोण आहेत?”

“पूर्वी मागे मुलींचं वसतिगृह होतं. अनाथ मुली असायच्या. त्यातल्या आहेत. म्हणतात, तिथे फार छळ झाला. संस्थेनं कबूल करावं, माफी मागावी, चौकशीला सामोरं जावं.”

“मग?”

“मग काय ताई, ज्यांनी केलं असेल ते कधीच गेले. मी तर तेव्हा जन्मलोही नव्हतो. आज ही संस्था दवाखाना चालवते, शाळा चालवते. कुणीतरी कधीतरी केलेल्या गोष्टीसाठी आम्ही का मान खाली घालायची?”

वहिनींना ते पटलं. त्या स्वतःच सांगतात, तेव्हा मला ते अगदी पटलं होतं.

प्रार्थनागृहात व्यासपीठाच्या मागे एक बुटकं दार होतं. वरच्या दगडात अक्षरं कोरलेली... ‘मौन हीच प्रार्थना’.

अँप्लिफायरच्या पंख्याची भुणभुण सभागृहात ऐकू येऊ नये, म्हणून वहिनींना ती पेटी आड ठेवायची होती. त्यांनी विचारलं, ही खोली मिळेल का? व्यवस्थापकानं जुडग्यातली किल्ली शोधली, दार उघडून दिलं आणि तो ऑफिसात निघून गेला.

आत काहीच नव्हतं. चार भिंती, दगडी फरशी. खिडकी नाही. एका माणसाला पाय पसरून झोपता येईल एवढीच जागा.

वहिनी आत शिरल्या, आणि थबकल्या.

काहीतरी कमी होतं.

त्यांना आधी कळेना, काय ते. मग कळलं. स्वतःच्या पावलांचा आवाज आला नव्हता.

त्यांनी मुद्दाम पाय आपटला.

काही नाही...

टाळी वाजवली. तळहात झिणझिणले. पण आवाज नाही.

त्यांच्याबरोबर टेम्पोचा ड्रायव्हर होता. पन्नाशीचा गडी, वायरी ओढण्यात पटाईत. त्याला त्यांनी आत बोलावलं आणि भिंतीत खिळा ठोकायला सांगितला. तो ठोकू लागला. हातोडी खाली-वर होत होती. खिळा आत जात होता. वहिनी दारात उभ्या होत्या, आणि त्यांना चिमण्यांची चिवचिव ऐकू येत होती. हातोडी मात्र नाही.

ड्रायव्हर बाहेर आला.

“वहिनी, मी आत तुम्हाला हाका मारत होतो.”

“कधी?”

“आत्ता. दोनदा. मलाच माझा आवाज आला नाही.”

दुसरं कुणी असतं तर पसारा गोळा करून निघालं असतं. वहिनींनी माइक आणला. काही भिंती आवाज शोषून घेतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण इतका? त्यांनी माइक खोलीच्या मधोमध उभा केला, केबल मिक्सरपर्यंत ओढली, दार लोटलं. मग सभागृहात येऊन हेडफोन कानाला लावला.

“आत जाऊन टाळ्या वाजव,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

तो गेला. आवाज आला की लुकलुकणारा मिक्सरवरचा हिरवा दिवा हलला नाही. हेडफोनमध्ये काहीच नाही.

तो परत आला. “वाजवल्या,” म्हणाला, आणि त्यांच्या शेजारी उभा राहिला.

खोली रिकामी होती.

आणि तेव्हा हिरवा दिवा लुकलुकला...

एकदा.

मग पुन्हा.

वहिनींनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला. श्वास होता. लहान, घाईघाईचा, नाकातून येणारा. माइकच्या अगदी जवळ.

मग खोकला. एकामागून एक उबळ, आणि शेवटी हवा आत ओढताना येणारा तो लांब, चिरका आवाज. ज्यांनी लहान मुलाचा डांग्या खोकला ऐकलाय त्यांना तो सांगावा लागत नाही.

मग शांतता.

मग कुणीतरी अगदी हळू, घसा दाबून बोललं.

“थांबला, बाई... आता थांबला... उघडा ना.”

वहिनींनी हेडफोन काढून ठेवला. ड्रायव्हरला म्हणाल्या, चल. केबल, माइक, सगळं तसंच टाकून दोघं बाहेर पडले. फाटकाशी त्या बायका अजून बसलेल्या होत्या. त्यांतली जाड चष्म्याची एक वहिनींकडे टक लावून बघत राहिली.

वहिनींच्या आई त्यांच्याकडेच राहतात. बोलणं इतकं हळू, की पाहुण्यांना वाटतं म्हातारी आजारी आहे. डावा कान पहिल्यापासून बहिरा. लहानपणी त्या कुठल्याशा संस्थेत वाढल्या, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. कुठल्या, ते कधी कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वहिनी समोर जाऊन बसल्या.

“आई, प्रार्थनागृहाचं काम घेतलंय. व्यासपीठामागे एक खोली आहे.”

आईंचे हात थांबले.

“तिथे तुझी मशिनं ठेवू नकोस,” त्या म्हणाल्या.

खोलीत मशिन ठेवायचं होतं, हे वहिनींनी अजून सांगितलंच नव्हतं.

“तू तिथे होतीस?”

आईंनी एक शेंग हातात घेतली, पण सोलली नाही. मग बोलू लागल्या. मान खाली घालून, शेंगांशी बोलावं तसं.

“प्रार्थनेत कुणी आवाज केला की त्या खोलीत. कधी घटकाभर, कधी दिवसभर. वसतिगृहाच्या बाई म्हणायच्या, देवाला गोंगाट आवडत नाही. आमच्यात एक होती. तिला सगळ्या टिटवी म्हणायचो. एक मिनिट गप्प बसेल तर शपथ. झोपेतही बडबडायची. त्या हिवाळ्यात तिला खोकला झाला, डांग्या. आता खोकल्याला कसलं आलंय मौन? पण बाईंनी तिला आत घातलं. म्हणाल्या, खोकला थांबला की बाहेर.”

“आणि?”

“थांबला.”

वहिनी थोड्या पुढे सरकून बसल्या.

“आम्ही त्या भिंतीला लागूनच निजायचो,” आई म्हणाल्या. “आतून टकटक यायची. खोकला थांबल्यावरसुद्धा येत होती. सकाळी बाईंनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. विचारलं, कुणाला काही ऐकू येतंय का? सगळ्या म्हणाल्या, नाही. मी म्हटलं, मला येतंय.”

त्यांनी डाव्या कानावर हात ठेवला.

“त्यांचा हात भारी होता. त्यानंतर या कानानं काही ऐकलं नाही.”

“पण तू सांगितलंस तेव्हा... तेव्हा ती टकटक करत होती?”

“अगं, करत होती म्हणून तर सांगितलं.”

“मग तिचं काय झालं?”

“सांगितलं, तिचा मामा येऊन घेऊन गेला. तिला मामा नव्हता.”

“आई, तू हे कुणाला बोलली का नाहीस कधी?”

“कुणाला बोलू? तिथे जो यायचा तो डोकं टेकवायलाच यायचा. त्याला मी काय सांगणार?”

वहिनींनी फाटकातल्या बायकांबद्दल विचारलं. आई म्हणाल्या, ठाऊक आहे, दोघी माझ्याच रांगेतल्या. बोलवायला घरी येऊन गेल्या होत्या. मी नाही म्हटलं.

“का?”

“लोक म्हणतील, ज्यांनी जेवू घातलं त्यांच्यावरच उलटली. आणि जेवू घातलं हे खरंच आहे ना.”

दुसऱ्या दिवशी वहिनींनी व्यवस्थापकाला गाठलं. काम सोडून द्यायचं त्यांच्या मनात होतं, पण आधी त्याला ऐकवायचं होतं. माइक जागच्या जागी होता. त्यांनी मिक्सर चालू केला आणि हेडफोन त्याच्या हातात दिला.

“हे काय?”

“ऐका जरा.”

तो हसला. हेडफोन लावला. उभा राहिला.

हिरवा दिवा लुकलुकत होता...

त्याचं हसू हळूहळू गेलं. मान किंचित वाकली, लहान मुलाचं बोलणं ऐकताना वाकते तशी. एकदा त्याचे ओठ हलले. काहीतरी पुटपुटला. पुन्हा ऐकत राहिला. घामाचा ओघळ कानामागून कॉलरमध्ये उतरला.

बऱ्याच वेळानं त्यानं हेडफोन काढला. वहिनींच्या हातात न देता टेबलावर ठेवला.

“काही ऐकू येत नाही,” तो म्हणाला.

“साहेब, तुम्ही बोललात तिच्याशी.”

“काही ऐकू येत नाही ताई. तुमची पेटी दुसरीकडे ठेवा.” आणि त्यानं माइक बाहेर काढायला लावून दाराला कुलूप घातलं. किल्ली पहिल्या झटक्याला बसली नाही.

वहिनींना काम सोडता आलं असतं. पण त्यांनी सोडलं नाही. मी एकदा विचारलं, का? म्हणाल्या, भाऊजी, ती आत होती आणि मला ऐकू आलं होतं. मी कशी निघून जाऊ?

रविवारी सकाळी सभागृह खचाखच भरलं. बाजूची दारं उघडी ठेवली होती, म्हणून फाटकातल्या बायकाही स्टुलं उचलून पायऱ्यांपाशी येऊन बसल्या. त्यांना कुणी हटकलं नाही, पाहुण्यांसमोर बरं दिसलं नसतं.

वहिनी मागच्या टोकाला मिक्सरवर होत्या. आणि त्यांच्या शेजारी, इस्त्री केलेल्या साडीत, त्यांच्या आई. सकाळी टेम्पो निघताना येऊन बसल्या होत्या. कुणी या म्हटलं नव्हतं, कुणी नको म्हटलं नाही.

मुख्य धर्मगुरू बोलायला उभे राहिले. वयस्कर, तेजस्वी माणूस. आवाज असा, की ऐकतच राहावं. संस्थेनं काय काय केलं ते सांगितलं, आणि ते सगळं खरंही होतं. मग थोडं थांबून म्हणाले,

“हल्ली काही लोक आपल्या पूर्वजांवर चिखल उडवतात. गेलेली माणसं उत्तर द्यायला येत नाहीत. आपण का द्यायचं? या वास्तूत कधी कुणी रडलं असेल, तर...”

तिथे आवाज गेला.

त्यांचे ओठ हलत होते. हात हलत होते. पण माइक बंद, आणि तोंडचा आवाजही बंद. पुढच्या रांगेत एक बाळ तोंड वासून रडत होतं, तेही ऐकू येत नव्हतं. इतकी माणसं, आणि साधं कापड सळसळत नव्हतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

त्या खोलीतली शांतता बाहेर आली होती.

वहिनींनी मिक्सरवरच्या आवाजाच्या सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या. अँप्लिफायर बंद केला, वायर उपटून काढली. स्पीकर आता निव्वळ लाकडाची खोकी होती.

आणि मग आली...

टक. टक.

व्यासपीठामागच्या भिंतीतून.

टक. टक. टक.

घाई नाही. जोर नाही. दमलेल्या हातानं करावी तशी.

तेवढाच एक आवाज सभागृहात होता. वहिनी शपथेवर सांगतात, प्रत्येकानं तो ऐकला. माना त्या बाजूला वळल्या होत्या, सगळ्यांच्या.

धर्मगुरूंनी घसा खाकरला. त्यांचा आवाज परत आला होता, पण बारीक होऊन.

“कुणाला... काही ऐकू येतंय का?”

पुढच्या रांगेतल्या एका बड्या पाहुण्यानं मान हलवली. नाही. त्याच्या शेजारच्यानं हलवली. बघता बघता माना हलत गेल्या, रांगेमागून रांग. नाही. नाही. नाही.

टक. टक.

वहिनींच्या शेजारची खुर्ची सरकली. आई उभ्या राहिल्या होत्या. एका हातानं मुलीचा खांदा घट्ट धरलेला.

“मला येतंय,” त्या म्हणाल्या.

त्यांचा तो आवाज, जो स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत पोचत नाही, तो व्यासपीठापर्यंत गेला.

“टिटवी आहे ती. आत आहे. दार उघडा.”

पायऱ्यांपाशी बसलेली जाड चष्म्याची बाई उठली. “मलाही येतंय.” मग दुसरी. मग सभागृहाच्या मधोमध बसलेला एक तरुण, त्याचा या कशाशी संबंध नव्हता, तोही उठला. “मलाही.”

धर्मगुरू बाजूच्या दारानं निघून गेले.

व्यवस्थापक मात्र व्यासपीठावर चढला. सगळ्यांच्या देखत. जुडग्यातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, दार ढकललं.

टकटक थांबली.

आत कुणीच नव्हतं.

पुढे त्या बायका कोर्टात गेल्या आणि कोर्टाच्या हुकुमानं त्या खोलीची फरशी उखडली. भिंती पोखरल्या. काही सापडलं नाही. संस्थेनं लगेच पत्रक काढलं, की काही सापडलं नाही याचा अर्थ काही घडलं नाही. अर्धी माणसं म्हणतात, झालंगेलं उगाळून काय मिळणार. अर्धी म्हणतात, मग त्या पोरीचं कोण? आमच्या घरातही यावरून वाद झाले. दादा आणि मी एक दिवस बोलत नव्हतो.

आईंनी चौकशीत साक्ष दिली. दिवसभर बोलल्या. तिथल्या कारकुनाला एकदाही ‘मोठ्यानं बोला’ म्हणावं लागलं नाही.

व्यवस्थापकानं नोकरी सोडली. साक्षीच्या आधी तो आमच्या साउंडच्या दुकानात आला होता, मी तिथेच होतो. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. वहिनींनी पाणी दिलं. ते न पिताच तो बोलू लागला.

“त्या दिवशी हेडफोनमध्ये तिनं मला विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, मी नवीन आहे बाळ. तुला आत घातलं तेव्हा मी नव्हतो. मी काही केलेलं नाही.”

“मग?”

“ती म्हणाली, मग किल्ली तुमच्याकडे कशी?”

पाण्याचा ग्लास तसाच ठेवून तो निघून गेला. जे ऐकलं ते त्यानं शपथेवर सांगितलं, एवढं मला माहीत आहे. निकाल अजून लागायचाय.

गेल्या महिन्यात वहिनी त्या प्रार्थनागृहात उरलेली केबल आणायला गेल्या होत्या. खोलीला आता दार नाही. त्यांनी आत जाऊन टाळी वाजवली.

टाळी ऐकू आली. स्वच्छ, साधी. कुठल्याही खोलीत येते तशी.

बरं वाटायला हवं होतं. पण घरी आल्यावर जेवताना म्हणाल्या, तिथे आता कुणी नाही. मग ती गेली कुठे?

हे सगळं मी लिहिलंही नसतं. पण परवा दुपारी दुकानात फोन आला. वहिनींच्या ओळखीचा एक साउंडवाला, लांबच्या गावाचा. त्याला यातलं काही माहीत नाही.

“वहिनी, एक विचारायचं होतं. एका जुन्या धर्मस्थानाचं काम घेतलंय. मागे एक कोठडी आहे. आत हातोडी मारली तर आवाजच होत नाही हो. काय प्रकार असेल?”

“कुठली संस्था?” वहिनींनी विचारलं.

त्यानं नाव सांगितलं. ती संस्था नव्हतीच. वेगळीच होती. धर्मही वेगळा.

वहिनी त्याला काहीतरी सांगायला गेल्या, तेवढ्यात तो म्हणाला, “एक मिनिट धरा हं, आत माइक ठेवलाय, दिवा हलतोय...”

आणि फोन तुटला.

तेव्हापासून आम्ही त्याला फोन लावतोय. लागतो. उचललाही जातो.

पण पलीकडून काहीच आवाज येत नाही.

उद्या सकाळी वहिनी टेम्पो घेऊन तिकडे निघणार आहेत. आईही येते म्हणाल्यात.